ट्रेलरचं चाक सारखं तापतंय, ब्रेक धरून राहतोय: मेस्त्रीला फोन लावायच्या आधी काय काय बघायचं

सोलापुरात हैदराबाद रोडला ट्रेलरच्या हवेची आणि ब्रेकची कामं करतो मी, त्याआधी बरीच वर्षं ट्रेलरच चालवलाय, त्यामुळं दोन्ही बाजू माहितीयेत. सगळ्यात जास्त येणारं काम कुठलं म्हणाल तर हेच. एखादं चाक तापतंय, ब्रेक मारला की नीट सुटत नाही, कुणीतरी करून दिलं तरी थोड्या दिवसांनी परत तेच. ड्रायव्हर वैतागलेला, मालक फोनवर ओरडतोय, आणि ट्रेलरखाली वाकून बघितलं तर ग्रीसचे निप्पल गंजून मातीत बुजलेले. मग फॉल्ट परत येणार नाही तर काय होणार बे.

लक्षणं आधी बघू

एकाच चाकापाशी जळका वास. ढाब्याला गाडी लावली, खाली उतरला, की मागून वास येतो. लायनर, म्हणजे ब्रेक शूवरची घासणारी पट्टी, जळाल्याचा वास वेगळा आणि रबराचा वेगळा, एकदा नाकाला कळला की मग लांबून ओळखू येतो.

गाडी जड ओढते. रिकामी असून भरल्यासारखी. मोहोळ-टेंभुर्णीच्या सपाट रोडला रेस सोडली तर गाडी आपली पळत राहायला पाहिजे, ती लगेच मागनं कुणीतरी धरल्यासारखी होते. याच्यामुळं एव्हरेज पडतं, आणि एव्हरेज पडलं की मालकाला पहिला संशय येतो डिझेल काढल्याचा. किती ड्रायव्हरांनी याच्यावरनं बोलणी खाल्लीत, आणि खरा चोर ट्रेलरच्या एक्सलवर बसलेला.

ब्रेक सोडल्यावर घोडा, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, लगेच मोकळा होतो पण ट्रेलर उशिरा सोडतो, सिग्नलवरून उठताना झटका बसतो. काहींचं वेगळं असतं, रात्री हवेचा काटा भरलेला आणि सकाळी तळाला, स्टार्ट करून हवा भरायला लै वेळ, आणि पार्किंग ब्रेक सोडायचा नॉब आत दाबला तरी मागची चाकं फिरायच्या ऐवजी घासत येतात. टायरला एकाच जागी चट्टा पडला असेल तर हे बऱ्याच दिवसांपासून चाललंय समजा.

हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) टोपीतनं ग्रीस बाहेर, रिमच्या आतल्या बाजूनं काळे ओघळ. हे दिसलं तर खालचं बाकीचं सोडा आणि सरळ बेअरिंगच्या भागाकडं, म्हणजे सहाव्या मुद्द्याकडं, जा.

आणि एक उलटं लक्षण, ज्याच्याकडं कुणी बघतच नाही. खंडाळ्याचा घाट नाहीतर तुळजापूरचा घाट उतरून आलात आणि ट्रेलरची सगळी चाकं गार, घोड्याची मात्र तापून लाल. म्हणजे मागं ब्रेकच लागत नाहीये, सगळं वजन पुढची गाडी एकटी थांबवतीये. तापलेलं चाक निदान वास मारून सांगतं, हे गार चाक काहीच सांगत नाही म्हणून जास्त डेंजर.

हात लावायच्या आधी

सपाट जागा बघा. घोड्याच्या आणि ट्रेलरच्या चाकांना पुढनं-मागनं दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, कारण पुढं ब्रेक सोडून बघायचंय, तेव्हा गाडी सरकली तर खाली तुम्ही असणार. खाली जाताना इंजिन बंद आणि चावी खिशात. केबिनमध्ये क्लीनर बसवला असेल तर त्याला सांगून ठेवा की मी नाव घेऊन सांगितल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही.

चाक लै तापलेलं असेल तर त्याच्यावर पाणी ओतू नका. ड्रम ओतीव असतो, एकदम गार केला की तडा जातो. तशा तापलेल्या गाडीचा पार्किंग ब्रेक पण ओढू नका, गरम ड्रमवर लायनर दाबून बसला की ड्रम तसाच वाकडा होऊन गार होतो. ठोकळे लावा, चहा घ्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. आणि त्या टायरच्या बाजूला तोंड करून उभं राहू नका, फुटलाच तर तो बाजूनं फुटतो.

१. नुसतं फिरून बघा, पैसा लागत नाही

तीस-चाळीस किलोमीटर चालवून उभं करा आणि सगळ्या चाकांपाशी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या, टेकवू नका. हजार रुपयांच्या आसपास ती टेंपरेचरची गन मिळते, ती असली तर सोन्याहून पिवळं. रिमच्या भोकातनं ड्रमवर मारायची, चकचकीत भागावर मारली तर आकडा चुकीचा दाखवते.

हे आधी का? कारण पुढचं सगळं याच्यावर ठरतं. आकडा किती आला यापेक्षा फरक किती आला ते महत्त्वाचं. घाट उतरल्यावर सगळीच चाकं तापणार, त्यात काही नाही. पण एकाच एक्सलला ड्रायव्हर साइड साठ आणि क्लीनर साइड दीडशे आलं तर फॉल्ट त्या एका चाकावर आहे, म्हणजे कॅम, स्प्रिंग, स्लॅक नाहीतर बेअरिंग (पहिले तीन काय करतात ते पाचव्या मुद्द्यात सांगतो). ट्रेलरची सगळी चाकं तापली आणि घोडा गार, तर फॉल्ट चाकात नाहीच, हवेच्या सप्लायमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. एवढं न बघता माणसं सरळ लायनर बदलायला बसतात आणि पैसे घालवून परत तिथंच येतात.

ड्रम जास्त गरम का हबची टोपी जास्त गरम, हे पण बघून ठेवा. टोपी जास्त गरम म्हणजे बेअरिंग.

२. केबिनमधला हँड व्हॉल्व्ह

हसू नका. ट्रेलरचा वेगळा हँडब्रेक ज्या गाडीला असतो तिथं त्याच्या दांड्याला पिशवी, पाण्याची बाटली, देवाचा हार, काय वाटेल ते लटकवलेलं असतं. दांडा बोटभर खाली आला तरी मागं थोडी हवा जात राहते आणि सगळी चाकं हलकी धरून राहतात. पार्किंगचा नॉब पण पूर्ण आत जाऊन बसलाय का ते बघा.

३. काटा बघा, कान लावा

हवा पूर्ण भरू द्या. ड्रायर (हवेतलं पाणी काढणारा डबा) पुस्स करून सोडेल, काटा आठ बारच्या आसपास असेल, नव्या गाड्यांत जास्त पण असतो. इंजिन बंद करा, पार्किंगचा नॉब सोडलेला ठेवा, एक मिनिट काटा बघा. मग पाय दाबून ब्रेक धरा आणि अजून एक मिनिट बघा. पाय दाबल्या दाबल्या काटा थोडा पडणारच, तो सोडून द्या. त्याच्यानंतर मिनिटाला पाव बार, फार तर तीन दशांश, याच्यापेक्षा जास्त पडत असेल तर गळती आहे. नुसतं उभं असताना पडतंय तर सप्लायची लाइन, ब्रेक दाबल्यावरच पडतंय तर ब्रेकची लाइन किंवा एखाद्या बूस्टरचा (चाकापाशी हवेनं ब्रेक ढकलणारा डबा) पडदा फाटलाय.

नव्या पोरांना एक गोष्ट कुणी सांगतच नाही, ती इथं सांगतो. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक हवेनं लागत नाही, हवेनं सुटतो. बूस्टरच्या मागच्या डब्यात जाडजूड स्प्रिंग असते, ती ब्रेक लावूनच बसलेली असते, हवा तिला दाबून धरते म्हणून चाक मोकळं राहतं. ती पूर्ण दाबायला पाच-साडेपाच बार तरी लागतात. म्हणजे गळतीमुळं मागं चारच बार पोचले तर ब्रेक ना लागलेला ना सुटलेला, अर्धवट धरलेला, आणि तुम्ही टेंभुर्णीपर्यंत तसेच जाताय. पुढं काट्याला हवा बरोबर दिसते कारण तो काटा घोड्याच्या टाकीचा आहे, मागं ट्रेलरला किती पोचली ते तो सांगत नाही.

गळती शोधायला धुण्याच्या पावडरचं पाणी बाटलीत घ्या आणि कपलिंगवर (घोडा-ट्रेलरचे पाइप एकमेकांना जोडतात तिथं), पाइपच्या जोडांवर, व्हॉल्व्हवर, बूस्टरच्या पट्ट्यावर मारा. फेस फुगला की जागा सापडली. बहुतेक वेळा कपलिंगचं रबरच गेलेलं असतं, किरकोळ पैशात मिळतं, दोन-चार कायम डॅशबोर्डमध्ये ठेवा. पाइप घोड्याच्या मागच्या जाळीवर घासून पातळ झालाय का, वळणावर दुमडतोय का ते पण बघा. दुमडलेल्या पाइपमधनं हवा जाते पण परत यायला वेळ लावते, तोच तो उशिरा सुटणारा ब्रेक.

लाल पाइप सप्लायचा आणि पिवळा ब्रेकचा असतो. पण आपल्याकडं दोन्ही काळे लावलेले ट्रेलर कितीतरी फिरतायत. उलटे जोडले तर टाकी भरतच नाही, आणि स्प्रिंगवाला ट्रेलर जागचा हलत नाही. जुना, स्प्रिंग नसलेला ट्रेलर मात्र मजेत निघून जातो आणि त्याला मागं ब्रेक नसतो. दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळून टाका, विषय संपला.

४. टाकीतलं पाणी सोडा

ट्रेलरला स्वतःची हवेची टाकी असते आणि तिच्या खाली ड्रेन असतो. घोड्याच्या टाक्या निदान कुणीतरी सोडतं, ट्रेलरच्या टाकीला ड्रेन आहे हेच कितीजणांना माहीत नसतं. ओढा आणि काय निघतंय बघा. थोडं पाणी निघालं तर ठीक, पण दुधाळ चिखलासारखं आलं, तेल आलं, तर घोड्याच्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय किंवा कॉम्प्रेसर तेल फेकतोय. हा चिखल जाऊन बसतो रिले व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला हवा देणाऱ्या-सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्ह चिकटतो, ब्रेक सुटायला वेळ लागतो. मग तुम्ही स्लॅक सैल करत बसता आणि फॉल्ट तिकडं व्हॉल्व्हमध्ये.

आपल्या भागात याच्यात अजून एक भर. ट्रेलर सोडून घोडा निघाला की पाइपची तोंडं तशीच उघडी लोंबकळत राहतात. सिमेंटच्या प्लांटमध्ये, साखर कारखान्याच्या यार्डात चार दिवस उभ्या ट्रेलरच्या तोंडात काय जात असेल विचार करा. सिमेंटची धूळ आणि आतलं पाणी एकत्र आलं की आत काय होतं हे मेस्त्रीनं सांगायची गरज नाही. झाकणं लावा, नसतील तर प्लॅस्टिक बांधा, पण उघडं सोडू नका. जोडायच्या आधी कपड्यानं पुसून घ्या.

५. खाली वाकून: स्लॅक, कॅम, रिटर्न स्प्रिंग

इथं कपडे खराब होणार. फॉल्ट एकाच चाकावर असेल तर नव्वद टक्के, माझ्या अनुभवानं, तो इथंच असतो, म्हणून जरा निवांत सांगतो.

बूस्टरमधनं एक दांडा बाहेर येतो, तो स्लॅकला, म्हणजे ब्रेक ॲडजस्ट करायच्या दांडीला, ढकलतो, स्लॅक कॅमचा शाफ्ट फिरवतो, कॅम आतले दोन्ही शू फाकवून ड्रमला टेकवतो. ब्रेक सोडला की रिटर्न स्प्रिंग शू मागं ओढते आणि सगळं उलटं फिरून जागेवर येतं. लावायला हवेची ताकद आहे पण सोडायला फक्त स्प्रिंग आहे हे ध्यानात ठेवा. म्हणून कॅमचा शाफ्ट बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या नळीत) सुकला, गंजला, की ब्रेक लागतो झोकात आणि सुटत नाही. पावसाळ्यात कोकणात एक-दोन फेऱ्या झाल्या आणि मग ट्रेलर महिनाभर यार्डात पडला की हे ठरलेलंच.

दांड्यावर बूस्टरच्या तोंडाशी खडूनं खूण करा. पार्किंग सोडलेला, चाकांना ठोकळे. वरच्या माणसाला ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूनं बघा. सगळ्या चाकांचे दांडे एकदम मागं यायला पाहिजेत. एखादा सावकाश येतो, अर्ध्यात थांबतो, खूण दिसत राहते, तर तोच. मग टॉमीनं (लोखंडी पहारीनं) स्लॅक हलवून बघा. बोटभर खेळ पाहिजे. अजिबात हलत नसेल तर स्लॅक जास्त टाइट आहे किंवा कॅम अडकलाय. साधारण एक इंचापेक्षा जास्त हलत असेल तर उलटं, ब्रेक सैल आहे, ते चाक कामच करत नाहीये.

आधी ग्रीस मारा. कॅमच्या बुशचा निप्पल वायर ब्रशनं साफ करा, पंप लावा, स्लॅकच्या बाजूनं जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. ग्रीस ड्रमच्या बाजूनं यायला लागलं तर थांबा. आतलं सील गेलंय, अजून माराल तर लायनर ग्रीसनं भिजेल आणि त्या चाकाचा ब्रेक पूर्ण जाईल. निप्पल ग्रीस घेतच नसेल तर निप्पल बदलून बघा, स्वस्त आहे, जोर लावून पंप फोडू नका.

ग्रीस मारून दहा-पंधरा वेळा ब्रेक दाबा-सोडा, परत दांडा बघा. चालायला लागला तर तात्पुरतं जमलं. तात्पुरतंच म्हणतोय मी, कारण बुश झिजलेला असेल, शाफ्ट हातानं वर-खाली हलत असेल, तर ग्रीस आठ दिवसांत निघून जातं. हीच ती परत परत येणाऱ्या फॉल्टची गोष्ट, ग्रीसनं सुटतो म्हणून कुणी बुश बदलत नाही. आणि रिटर्न स्प्रिंग दिसायला चांगली दिसली तरी एकदा जळालेल्या चाकाची स्प्रिंग वापरायची नाही, तापून तिचा ताण गेलेला असतो. मी तरी लायनर बदलताना स्प्रिंग नवीच टाकतो, मालक कितीही कुरकुरला तरी.

हातानं ॲडजस्ट करायचा स्लॅक असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा आणि मग पाव ते अर्धा फेरा सोडा, आणि दोन्ही बाजूला सारखं करा, नाहीतर ब्रेक मारल्यावर ट्रेलर एका बाजूला जातो. ऑटो स्लॅक असेल तर पाना लावून सारखा आवळत बसू नका. तो स्वतः ॲडजस्ट होत नाहीये म्हणजे एकतर तो गेलाय नाहीतर कॅम-बुशमध्ये खेळ आहे, हातानं आवळला की दोन दिवस बरं वाटतं आणि खरा फॉल्ट झाकून जातो.

पाइप दुमडून तार बांधायचा जो उपाय आहे त्याच्याबद्दल

सगळ्यांना माहितीये, सगळ्यांनी बघितलाय. तापणाऱ्या चाकाचा हवेचा पाइप दुमडून तार गुंडाळायची, नाहीतर स्लॅक पूर्ण सैल सोडायचा, म्हणजे ते चाक ब्रेकच धरत नाही. सपाटाला काही कळत नाही. पण बावीस चाकी ट्रेलर म्हणजे सगळं मिळून ५५ टनापर्यंत वजन, ट्रेलरखाली तीन एक्सल, सहा ब्रेक. त्यातला एक मारला की त्याचं काम बाकीचे करणार, ते जास्त तापणार, ड्रम तापून फुगतो तसा बूस्टरच्या दांड्याला जास्त लांब ढकलावं लागतं, आणि घाटाच्या मध्यावर पाय तळाला जातो पण गाडी थांबत नाही. न्हावाशेवाला टॉवेलचा कंटेनर घेऊन जाणाऱ्यानं खंडाळ्यात हे आठवावं. शिवाय तो पुढचा ड्रायव्हर, ज्याला तुम्ही तार बांधल्याचं माहीतच नाही, तो काय करणार?

६. जॅक लावून चाक फिरवणं

याच्यापुढं हत्यारं आणि सवय पाहिजे. जॅक एक्सलखाली लावा, स्प्रिंगच्या पाट्याखाली नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, स्टँड किंवा लाकडाचे ठोकळे रचा. ब्रेक सोडून चाक हातानं फिरवा. घासत फिरतंय तर ब्रेक, खरखर आवाज किंवा अडखळत फिरतंय तर बेअरिंग. मग वर आणि खाली धरून हलवा, टकटक खेळ लागला तर बेअरिंग सैल आहे. बेअरिंगचा नट नुसता आवळून बंद करायची सवय पण वाईट, जास्त आवळलेलं बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षा लवकर जळतं.

आता हे सारखं का होतं

घोड्याला ड्रायव्हर असतो. त्याचं तेल, त्याची काच, त्याचा टेप, सगळं तो बघतो. ट्रेलर कुणाचाच नसतो. आज तुम्ही ओढला, यार्डात सोडला, उद्या दुसऱ्यानं उचलला. तुम्ही सुपरवायझरला सांगितलं, तो म्हणाला "आता एवढी ट्रिप मारून ये की, आल्यावर बघू". आल्यावर तो ट्रेलर तिसऱ्याच गाडीला लागलेला. शेवटी ज्याच्या हातात टायर फुटतो त्याच्या भत्त्यातनं पैसे कापले जातात. इथं डोकं फिरतंच माणसाचं. मग ड्रायव्हर पण म्हणतो जाऊ दे, मरू दे, मला काय. आणि ट्रेलर अजून खराब होतो.

भांडून काही होत नाही, दोनदा भांडलेला माणूस "कटकट्या" ठरतो आणि त्याला मुद्दाम खराब ट्रेलर मिळतात. त्यापेक्षा लिहून द्या. ट्रेलर उचलतानाच सगळीकडनं फोटो, टायरचे, कपलिंगचे, हबचे. तापलं तर टेंपरेचर गनचा आकडा दिसेल असा फोटो, ट्रेलरचा नंबर, कुठलं चाक, तारीख, आणि एका ओळीत काय होतंय. "ब्रेक प्रॉब्लेम आहे" असं लिहू नका, ते कुणी वाचत नाही. "दुसरा एक्सल, क्लीनर साइड, ब्रेक सोडल्यावर दांडा मागं येत नाही" असं लिहा. ट्रेलरच्या पुढच्या फळीवर पण खडूनं तेच लिहून ठेवा, पुढच्या माणसाला उपयोगी पडतं.

मालकाला टायरच्या भाषेत सांगा, ती त्याला कळते. एक नवा रेडियल टायर वीस हजाराला भिडतो, त्याच्यापुढं कॅम बुश, स्प्रिंग आणि ग्रीसचा खर्च कुठंच नाही. आणि डिझेलचा संशय घेत असेल तर म्हणावं हे बघा चाक, एव्हरेज इथं जळतंय.

एवढं करूनही "जा तसाच" म्हणाला तर कायदा माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० मध्ये ट्रेलरचं नाव स्पष्ट आहे. धोकादायक बिघाड आहे हे माहीत असताना, किंवा नीट बघितलं असतं तर कळलं असतं असा बिघाड असताना, जो चालवतो तो आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तो पण, दोघंही त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १५०० रुपये, आणि त्या बिघाडामुळं अपघात होऊन कुणी जखमी झालं किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० दंड किंवा दोन्ही. रक्कम मोठी नाही, पण "मला माहीत नव्हतं" हे मालकाला म्हणता येत नाही, कारण तुमचा फोटो त्याच्या मोबाइलवर पडलेला असतो. ट्रेलरचं फिटनेस पण घोड्यापेक्षा वेगळं असतं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. उचलताना त्याची तारीख बघत जा.

इथं हात काढून घ्यायचा

बूस्टरचा मागचा डबा, स्प्रिंगवाला. त्याचा पट्टा कधीच खोलायचा नाही, कितीही यूट्यूब बघितलं असलं तरी. आत दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. डबा गेला तर अख्खा बदलतात, आणि ते काम करणाऱ्याकडूनच. स्प्रिंग बांधून ठेवायचा जो लांब बोल्ट असतो तो गाडी बाजूला काढण्यापुरता आहे, तो लावून लोड घेऊन ट्रिप मारायला नाही, कारण मग त्या चाकाला पार्किंग ब्रेक उरत नाही.

ड्रमला तडा दिसतोय, लायनर ग्रीसनं भिजलाय, हबमधनं धूर येतोय, बेअरिंग खरखरतंय, तर तिथंच थांबा. "सोलापूर जवळच आहे, हळूहळू जाऊ" हे नळदुर्गपासून म्हणणारे बघितलेत मी, बोरामणीला चाक रस्त्यावर सांडतं. बेअरिंग जाम झालं की हब एक्सलवरनं निघतो आणि दोन्ही टायरांसकट समोरच्याच्या अंगावर जातो. भिजलेला लायनर पेट्रोलनं धुवून परत लावणारे पण असतात, तसं करून घेऊ नका, एक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

रिले व्हॉल्व्ह खोलायचा प्रकार पण रस्त्यावर नको. सगळी चाकं धरतायत, गळती नाही, टाकी साफ आहे, पाइप सरळ आहेत, तरी सुटत नाहीये, तर व्हॉल्व्हच. किट टाकून करतात किंवा नवा बसवतात, पण धुळीत उघडून फुंकर मारून लावलेला व्हॉल्व्ह पुढच्या ट्रिपला परत अडकतो. एबीएसचा दिवा लागून राहतोय तर तेही लॅपटॉपवाल्याकडं.

आणि ज्वाळा दिसली तर गाडी पंपापासून, ढाब्यापासून, बाकीच्या गाड्यांपासून लांब घ्या, जमलं तर घोडा सोडवा, फायर सिलेंडर मारा, टायर पेटला असेल तर भरपूर पाणी लागतं, थोड्या पाण्यानं तो विझल्यासारखा वाटतो आणि परत पेटतो. ११२ ला फोन करा, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ पण आहे.

काम झाल्यावर

लगेच लोड घेऊन पळू नका. जमलं तर रिकामा ट्रेलर घेऊन सावळेश्वर टोलपर्यंत जाऊन या, वाटेत चार-पाच वेळा साधे ब्रेक मारा, उतरून परत सगळ्या चाकांचं टेंपरेचर बघा. केलेलं चाक जोडीच्या चाकापेक्षा थोडं गरम असलं तरी चालेल, नवा लायनर बसायला वेळ घेतो, पण वास नको आणि फरक वाढत जायला नको. भरल्यावर पहिल्या थांब्याला परत एकदा बघा, आणि त्या रात्री काटा किती होता ते लिहून सकाळी परत वाचा. कॅमला पुढचं ग्रीस कधी मारायचं ती तारीख पण पुढच्या फळीवर खडूनं टाका, खडू पावसात पुसतो, म्हणून मी ऑइल पेंट वापरतो.